लाँचला लाँचच म्हणायचं

एक मजकूर सध्या रायगड-रत्नागिरीच्या बाजूला फोनाफोनांवर फिरतोय. त्यात म्हटलंय: 'लाँच म्हणजे रॉकेट सोडणे किंवा नवी वस्तू बाजारात आणणे. कोकणातले लोक बोटीला लाँच म्हणतात ते अडाणी इंग्रजी. खलाशी होडी पाण्यात लाँच करतात, त्यावरून हे नाव पडलं. आता तरी बोट म्हणा.' आपलीच शिकलेली मुलं हे पुढे पाठवतात, याचं मला फार वाईट वाटतं.

लाँच ही वस्तू नव्हे, फक्त क्रिया, हे पहिलं विधान. चांगला इंग्रजी शब्दकोश उघडला तर लाँच दोन वेगळ्या नोंदींत सापडतो: एक क्रियापद, दुसरी होडी. क्रियापदाचं मूळ जुन्या फ्रेंचमधल्या भाल्याच्या शब्दात आहे. भिरकावणे, मग जहाज पाण्यात लोटणे, पुढे रॉकेट आणि शेवटी फोन-गाड्या, असा त्याचा प्रवास. म्हणजे मजकुरात जे खरे अर्थ म्हणून दिलेत ते सगळ्यात नंतरचे.

होडी पाण्यात लाँच करतात म्हणून हे नाव पडलं, हे तर साफ खोटं. नावेचा लाँच इंग्रजीत आला पोर्तुगीज 'लांचा'वरून, आणि त्याचं मूळ बहुधा मलय भाषेत, चपळ नावेच्या नावात आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून युद्धनौकेवरच्या मोठ्या होडीला इंग्रज लाँच म्हणत आले. १७८९ मध्ये 'बाउंटी' जहाजावर बंड झालं, तेव्हा कॅप्टन ब्लाय आणि त्याच्या १८ साथीदारांना ज्या उघड्या नावेत सोडून दिलं, ती जहाजाची लाँचच होती. तिच्यातून साडेसहा हजारांहून जास्त किलोमीटर कापून ते तिमोरला पोचले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या किनारी गस्तीच्या एका प्रकारच्या नौकांचं अधिकृत नावच मोटर लाँच होतं. उरणजवळच्या मोरा बंदरातला तांडेल, म्हणजे नावेचा प्रमुख, बोलतो तो शब्द इतका जुना आणि चोख आहे. त्याला अडाणी ठरवणाऱ्याने शब्दकोश तरी उघडायचा होता.

राहिलं 'बोट म्हणा'. किनाऱ्यावर हे शब्द एकमेकांच्या जागी चालत नाहीत. जुन्या माणसांच्या तोंडी बोट म्हणजे आगबोट. १७ जुलै १९४७ ला रेवसच्या वाटेवर बुडाली ती 'रामदास बोट', तिला लाँच कुणी म्हणत नाही. भाऊच्या धक्क्यावरून मोऱ्याला जाते ती लाँच. दाभोळहून धोपाव्याला गाडीसकट नेते ती फेरीबोट. वल्ह्याची ती होडी. मासेमारीतही इंजिनवाल्या मोठ्या नावेला लाँच म्हणतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असताना कुणाची होडी शाकारलीय आणि कुणाची लाँच अजून बंदरात आहे, हे नुसतं 'बोट' म्हणून कळणार कसं?

तर, मचवा, पडाव हे आपले शब्द पुन्हा वापरा, असं कुणी सांगितलं असतं तर मी आनंदाने ऐकलं असतं. हा मजकूर मात्र एक इंग्रजी शब्द काढून त्या जागी दुसरा इंग्रजीच शब्द बसवायला सांगतो.