गजालींचे मार्क

"टॉपिक नॅरो डाऊन करा" हे आमच्या सरांनी मला जूनपासून किती वेळा ऐकवलं ते मोजायचं तर त्याचाच वेगळा प्रोजेक्ट होईल. एम.ए. जनसंवाद, दुसरं वर्ष सुरू व्हायच्या आत प्रबंधाचा विषय ठरलाच पाहिजे असं डिपार्टमेंटचं फर्मान, म्हणून मी रत्नागिरीला जाऊन मोठ्या तोऱ्यात कागद पुढे केला, 'कोकण आणि माध्यमे'. सरांनी वाचलं, चष्मा काढला, पुसला, परत घातला, विषय अजून तोच होता. मग म्हणाले, "राज्याचा किनारा सातशे किलोमीटरहून लांब आहे, तुम्ही सगळा चालणार?"

तिथून नॅरो करणं जे सुरू झालं. कोकणाचा सिंधुदुर्ग झाला, सिंधुदुर्गाचा देवगड तालुका, तालुक्याचं आमचं गाव. माध्यमांचे झाले हवामानाचे इशारे, लोकांचे झाले मच्छीमार. विषय चोखलेल्या बाठ्याएवढा उरला आणि शीर्षक मात्र 'देवगड तालुक्यातील एका गावातील यांत्रिक नौकाधारक मच्छीमारांमधील हवामानविषयक धोक्याच्या इशाऱ्यांच्या ग्रहणप्रक्रियेचा संप्रेषणशास्त्रीय अभ्यास' एवढं झालं. हे एका दमात जो वाचेल त्याला माझ्यातर्फे वाटीभर सोलकढी. वर सरांनी टोमणा मारलाच, की बाळशास्त्री जांभेकर तुमच्याच तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे, त्या माणसाने १८३२ साली अख्खं 'दर्पण' काढलं, तेही मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी, आणि तुमच्याच्याने दोन पानी सिनॉप्सिस होत नाही. माझा सिनॉप्सिस पण दोन्ही भाषांत होता खरं तर, फक्त एकाच वाक्यात.

घरी आईला विषय समजावून सांगितला. ती तांदूळ निवडत होती, निवडता निवडता थांबली. "म्हणजे गो, तू गावभर गजाली मारीत फिरतलंस नि त्येचे तुका मार्क गावतले?" मी म्हटलं तसं नाही गं, संप्रेषण म्हणजे शास्त्र आहे, लासवेल नावाच्या माणसाने १९४८ मध्ये सांगून ठेवलंय की कोण बोलतं, काय बोलतं, कशातून बोलतं, कोणाशी बोलतं आणि त्याचा परिणाम काय होतो हे पाच प्रश्न विचारायचे. आई म्हणाली, ह्या गाऱ्हाण्यातच आसा. आणि खरंच की, गावकर देवळात उभे राहून 'बा देवा म्हाराजा' म्हणतात तेव्हा कोण, काय, कोणाला सगळं बसतं, मध्ये मध्ये 'होय म्हाराजा' चा फीडबॅक पण येतो, फक्त परिणामाचा कॉलम दरवर्षी रिकामा राहतो.

हवामानाचा विषय मी उगाच नव्हता घेतला. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा टीव्ही दोन दिवस ओरडत होता, मोबाईलवर मेसेजवर मेसेज पडत होते, बंदरावर धोक्याचा बावटा चढलेला, आणि आमचे बाबा निवांत चहा पीत होते. होडी वर ओढली ती कधी, तर तांडेल आबा (तांडेल म्हणजे नौकेचा कप्तान) जेटीवरून घरी जाताना आमच्या दगडी गडग्याशी दोन सेकंद थांबून "वडून घे रे" एवढंच म्हणाले तेव्हा. ही गोष्ट मी सरांना 'प्रस्तावना' म्हणून सांगितली आणि स्वतः मात्र लगेच विसरले. ते एक बरं असतं अभ्यासाचं, उत्तर समोर असलं की आपण प्रश्नावली करायला बसतो.

प्रश्नावली झाली ४२ प्रश्नांची. तुम्हाला इशारा कशातून कळतो? (अ) आकाशवाणी (ब) टीव्ही (क) मोबाईलवरचा मेसेज (ड) बंदरावरचा बावटा (इ) इतर. हैदराबादचं इन्कॉइस, म्हणजे समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था, लाटांचा अंदाज आणि मासे कुठे मिळतील याची माहिती पाठवतं त्यावर सहा प्रश्न. तीन नंबरच्या बावट्यावर चार प्रश्न. आणि मग लिकर्ट स्केल, जे १९३२ साली ज्या साहेबाने काढलं तो देवगडला कधी आला नव्हता हे मी पैजेवर सांगते. पूर्णपणे सहमत, सहमत, तटस्थ, असहमत, पूर्णपणे असहमत, अशी पाच खाती. आता आमच्याकडे माणूस यातल्या एकाही खात्यात बसत नाही कारण आमच्याकडे मुख्य उत्तर 'बगूया' हे आहे, आणि बगूया म्हणजे हो पण असतं, नाही पण असतं, आणि तुझ्या बापाशीला विचारून सांगतो असं पण असतं.

पायलट स्टडी म्हणून पहिला मान शेजारच्या काकांना दिला. विधान १९, 'हवामानाचा अंदाज बहुतेक वेळा खरा ठरतो.' काका म्हणाले, खोटा, पूर्णपणे असहमत. विधान २३, 'हवामानाचा अंदाज बहुतेक वेळा चुकतो.' हे मुद्दाम उलटं टाकायचं असतं, माणूस न वाचता नुसत्या खुणा करत सुटलाय का ते कळायला. काका म्हणाले, खोटा, पूर्णपणे असहमत. मी म्हटलं काका दोन्ही कसं, एकतर खरा ठरतो नाहीतर चुकतो. काका म्हणाले, "ता तू कोण सांगणारा?" मी ते 'तटस्थ' मध्ये घातलं. काकांनी डोकावून बघितलं आणि तटस्थलाही असहमती दर्शवली.

वेळेचं गणित तर मी असं काही बसवलं होतं की विचारू नका. फील्डवर्क जून-जुलै. आणि आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, हे मला जन्मापासून माहिती, या दोन महिन्यांत ताजं म्हावरं नाही म्हणून सुक्या बांगड्यावर दिवस काढलेली मी, पण एक्सेलच्या शीटमध्ये ते कुठे आठवतंय. होड्या वर ओढून ताडपत्रीखाली, नेपाळी खलाशी गावी गेलेले, समुद्रात कोणी जातच नाही तर इशारा कोण ऐकणार. सर म्हणाले, ठीक आहे, लोक मोकळे तर असतील. मोकळे होते. जाळी शिवत होते, पत्ते खेळत होते, आणि प्रत्येकाला मला पहिल्यांदा हे विचारायचं होतं की ह्यात सबसिडी किती.

पाऊस तर असला लागलेला की पाचव्या घरानंतर प्रश्नावल्यांचा लगदा झाला. मग मी हुशारी केली, गुगल फॉर्म. मच्छीमारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिंक टाकली आणि झोपले. सकाळी उठून बघते तर ३१ उत्तरं! ३१! आमच्या वर्गात कोणाला आठवड्यात ३१ मिळाली नव्हती. रेंज फक्त सड्यावर, म्हणजे वरच्या कातळमाळावर, म्हणून छत्री घेऊन तशीच वर गेले, आंब्याच्या कलमाखाली उभं राहून शीट उघडली. पहिल्याचं वय ६३. दुसऱ्याचं ६३. तिसरा, हा तर माझ्या भावाबरोबर बारावीला होता, ६३. ३१ जणांचं वय ६३, ३१ जणांना ४० वर्षांचा अनुभव, आणि प्रश्न १७ ला ३१ जणांनी 'इतर' निवडून पुढे लिहिलेलं 'मायती नाय'. पुढे एक पूर्णविराम, त्याच्या आधी एक स्पेस, ३१ वेळा.

थोड्या वेळाने भावाने व्हॉइस मेसेज ऐकवला. तांडेल आबांचा, रात्री ९ वाजून ४० मिनिटांचा, मागे पावसाचा आवाज. "आयकलास काय सगळ्यांनी, आपल्या चेडवाचो फॉर्म भरूचो आसा, तेचा वर्ष फुकट जाता नये. मी भरलंय तो फोटो टाकलंय, तसोच भरा, चुको नकात."

मी सरांना तिथूनच फोन लावला. पाऊस कलमावर असा ताशा वाजवत होता की मला माझंच ऐकू येईना म्हणून मी ओरडत होते. सर, डेटा गेला! सर म्हणाले, काय गेला? डेटा! सगळं ऐकून घेतल्यावर सर हसायला लागले, थांबेचनात, मला वाटलं रेंज गेली. म्हणाले, "तुमच्याकडे ३१ लोकांचं सँपल नाहीये, एका माणसाचे ३१ फॉर्म आहेत. लाझार्सफेल्ड वाचलाय ना?"

वाचलेला, परीक्षेपुरता. १९४० ची अमेरिकेतली अध्यक्षीय निवडणूक, ओहायोमधली एरी काउंटी, साधारण ६०० मतदार, मे ते नोव्हेंबर लाझार्सफेल्ड आणि त्याचे सहकारी त्यांना परत परत जाऊन भेटत होते. बघायचं होतं रेडिओ आणि पेपर मत कसं फिरवतात, आणि निघालं असं की लोक मत ठरवताना रेडिओपेक्षा आपल्यातल्याच कोणा माहितगार माणसाचं जास्त मानतात, तो माणूस पेपर वाचतो, रेडिओ ऐकतो आणि बाकीचे त्याला ऐकतात. १९४४ मध्ये त्याचं पुस्तक आलं, अशा माहितगार माणसाला ओपिनियन लीडर हा शब्द तिथूनच रुळला, आणि माहितीच्या ह्या दोन टप्प्यांच्या प्रवासाला म्हणतात टू-स्टेप फ्लो. दहा मार्कांना येतो, आकृतीसह. मी आकृती काढून दहापैकी आठ घेतलेले आणि आमच्या गडग्याशी थांबून 'वडून घे रे' म्हणणारा माणूस मला त्या आकृतीत एकदाही दिसला नव्हता.

मी कलमाखाली उभी राहून बोंबलले, सर, म्हणजे दोन स्टेप! पहिली स्टेप आमचे आबा आणि दुसरी स्टेप बाकीचं गाव! सर म्हणाले, हो, हाच विषय, तौक्तेच्या वेळी कोणी कोणाचं ऐकलं ते शोधा, आधी आबांची सविस्तर मुलाखत घ्या, आणि शीर्षक कृपा करून लहान ठेवा. खाली एसटीच्या शेडमध्ये चार-पाच जण पाऊस थांबायची वाट बघत बसलेले, एकाने हात पण केला, मी लक्ष दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी आबांच्या घरी गेले. नवीन वही, रेकॉर्डर म्हणून भावाचा मोबाईल, संमतीपत्राची प्रिंट प्लॅस्टिकच्या पिशवीत. मनात वाक्य जुळवत होते की आबांना कसं सांगायचं. ओटीवर आबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून खुर्चीत, केस पाण्याने चापून बसवलेले, आणि खाली चटईवर अकरा माणसं मांडी घालून. शेजारचे काका पण त्यात, हाताची घडी, चेहऱ्यावर आधीच पूर्णपणे असहमत.

मी म्हटलं, आबा, मला तुमची एकट्याची मुलाखत हवी होती, ही सगळी कशाला?

आबा म्हणाले, "तूच मां गो काल सड्यार सरांका बोंबलान सांगत होतंस, दोन स्टेपी आसत म्हणान? मी पयली. ही बाकीची दुसरी. इचार आता."