मेन ब्रेकर पाडला की सोलर बंद? छतावर जाऊन बघा

अमेरिकेत घरावर सोलर लावणाऱ्यांच्यात एक मेसेज जोरात फिरतोय: 'रॅपिड शटडाऊन म्हणजे पॅनलखाली महागडे डबे खपवायचा धंदा, मेन ब्रेकर पाडला की इन्व्हर्टर आपोआप बंद होतो, आणि हा नियम तर शेतातल्या सोलरलाही सक्तीचा केलाय.' रॅपिड शटडाऊन म्हणजे स्विच दाबला की छतावरच्या सोलर वायरींतलं व्होल्टेज झटकन खाली आणायचा नियम, आणि डबे म्हणजे त्यासाठी पॅनलखाली बसवायची, ते पॅनल बाकीच्यांपासून तोडणारी इलेक्ट्रॉनिक उपकरणं.

इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज घरच्या एसीत बदलणारा) बंद होतो हे खरंय, ग्रिड गेली की तो एसी देणं थांबवतो. पण उन्हातली पॅनल काय ब्रेकरला विचारून वीज बनवतात का? 40 व्होल्टची 10 पॅनल सीरिजमध्ये असतील तर इन्व्हर्टर बंद असतानाही छतावरून त्याच्यापर्यंत येणाऱ्या डीसी वायरीत 400 व्होल्ट तसेच असतात, फक्त करंट वाहत नसतो, आणि आग लागल्यावर धूर बाहेर काढायला छत कापणाऱ्या फायरमनची करवत त्या वायरीत घुसली की तो वाहायला वाट मिळते. खाली इन्व्हर्टरजवळचा डीसी डिस्कनेक्ट पाडलात तरी त्याच्या वरची वायर जिवंतच!

म्हणून नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या वायरिंगच्या नियमावलीत, 2014 ला 690.12 हे रॅपिड शटडाऊनचं कलम आलं. तेव्हा पॅनलपासून 10 फुटांपलीकडच्या वायरींपुरतंच होतं, 2017 च्या आवृत्तीत ते अंतर 1 फुटावर आणलं: स्विच दाबल्यावर त्या फुटाबाहेरच्या वायरींतलं व्होल्टेज 30 सेकंदांत 30 व्होल्टच्या आत यायला हवं, आणि पॅनलच्या मधल्या वायरींत 80 च्या आत.

आता धंद्याचं. हे 80 व्होल्टचं कलम आल्यावर डबे विकणाऱ्यांचं फावलं यात वाद नाही, आणि प्रत्येक डब्यामागे छतावर जास्तीचे कनेक्टर येतात, ते नीट बसले नाहीत तर तापतात, ही तक्रार मला पटते. पण कोड कुठलाच डबा घ्या म्हणत नाही. मायक्रोइन्व्हर्टर (पॅनलखालीच बसणारे छोटे इन्व्हर्टर) असतील तर लांब डीसी स्ट्रिंगच, म्हणजे सीरिजमध्ये जोडलेल्या पॅनलची माळच, नसते, आणि यूएल 3741 या सुरक्षा मानकाखाली लिस्टेड (तपासून मान्य केलेली) सिस्टीम असेल तर प्रत्येक पॅनलला डबा न लावताही साधा स्ट्रिंग इन्व्हर्टर नियमात बसू शकतो.

शेताचं म्हणाल तर नियम इमारतीवरच्या किंवा आतल्या सोलरचा आहे, आणि 2023 च्या आवृत्तीत वेगळे उभे असलेले उघडे कारपोर्टही वगळलेत.

बाकी, स्विच दाबला म्हणून सगळं शून्य झालं असंही समजू नका, ऊन आहे तोवर पॅनलमध्ये व्होल्टेज राहणारच. आणि तुमच्याकडे कोडची कुठली आवृत्ती लागू आहे ते परमिट ऑफिसला विचारा, इन्स्पेक्टर तीच बघणार.