फिलिपिन्सच्या मतदाराला मूर्ख ठरवण्याआधी

फिलिपिन्समध्ये अध्यक्षपदाची निवडणूक झाली की एक मत हमखास फिरायला लागतं. थोडक्यात ते असं: "तिथला मतदार गरीब आणि अडाणी. तो जाहीरनामा बघत नाही, चेहरा बघतो. सिनेनट असो, बॉक्सर असो की बड्या बापाचा मुलगा, ओळखीच्या नावाला मत. वर हातावर चार पैसे ठेवले की झालं. लोक जाहीरनामे वाचायला लागले तर देश सुधारेल." मनिलातले शिकलेले लोक अशा मतदाराला 'बोबोतान्ते', म्हणजे मूर्ख मतदार, म्हणून हिणवतात, आणि आपल्याकडेही हे मत मान डोलावून पुढे पाठवलं जातं. मला ते चुकीचं वाटतं आणि अन्यायाचंही वाटतं. म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासतो.

"प्रसिद्धी असली की माणूस निवडून येतो."

तसं असतं तर 2022 मध्ये बॉक्सर मॅनी पॅकियाओ अध्यक्ष झाले असते. जगभर त्यांच्याइतका ओळखला जाणारा दुसरा फिलिपिनो माणूस नाही. त्यांच्या लढतीच्या वेळी तिथले रस्ते ओस पडत. त्यांना मतं मिळाली जेमतेम 7 टक्के. त्याच निवडणुकीत इस्को मोरेनो होते, मनिलातल्या तोंदो वस्तीत कचरा वेचत वाढलेले, पुढे नट आणि मनिलाचे महापौर झालेले. त्यांना 4 टक्केही मिळाली नाहीत. 2004 मध्ये फर्नांडो पो ज्युनियर, म्हणजे तिथल्या पडद्यावरचा सर्वांत मोठा नायक, तेव्हाच्या अध्यक्ष ग्लोरिया मकापगल अरोयो यांच्याकडून साडेतीन टक्क्यांनी हरला. (पुढच्या वर्षी अरोयो आणि निवडणूक आयोगाचा एक अधिकारी यांच्यातलं फोनवरचं संभाषण बाहेर आलं आणि त्या निकालावर कायमचा डाग पडला. म्हणून या उदाहरणावर मी फार भार टाकत नाही.)

मग जोसेफ एस्ट्राडा? ते नट होते हे खरंच. पण 1998 मध्ये ते पडद्यावरून उतरून थेट अध्यक्ष झाले नाहीत. 1969 पासून 1986 पर्यंत ते सान हुआनचे महापौर होते, मग सिनेटर, मग सहा वर्षं उपाध्यक्ष. 1991 मध्ये अमेरिकेचे लष्करी तळ ठेवायचे की नाही यावर सिनेटमध्ये मतदान झालं तेव्हा तळ नकोत म्हणणाऱ्या बारा जणांत ते होते. लोकांनी तीस वर्षांचं सार्वजनिक आयुष्य पाहून त्यांना मत दिलं. ते भ्रष्ट निघाले, 2007 मध्ये न्यायालयाने त्यांना दोषीही ठरवलं. पण कारकीर्द पाहून निवडलेला माणूस भ्रष्ट निघणं आणि त्याला नट म्हणून डोळे मिटून निवडणं, या दोन गोष्टी एक नव्हेत.

अगदी अलीकडचं उदाहरण 2025 च्या सिनेट निवडणुकीचं. टीव्हीवरचा लाडका सूत्रसंचालक विली रेव्हिलामे पडला, नट आणि विद्यमान सिनेटर बाँग रेव्हिला पडले, पॅकियाओ पुन्हा पडले. मोफत महाविद्यालयीन शिक्षणाच्या कायद्यातलं आपलं काम सांगत फिरलेले बाम अकिनो, ज्यांना मतदानपूर्व पाहण्या मागे दाखवत होत्या, ते दुसऱ्या क्रमांकावर आले. आडनाव त्यांचंही मोठं आहे, दोन अध्यक्ष देणाऱ्या घराण्याचं. पण तेच आडनाव 2019 मध्ये त्यांना वाचवू शकलं नव्हतं.

"जाहीरनामे असतात, मतदार वाचत नाही."

या सगळ्या मताचा पाया हाच आहे आणि तोच सर्वांत कच्चा आहे. जाहीरनाम्याला अर्थ कधी येतो? तो पाळला नाही तर ज्याला धरता येईल असा कुणी असतो तेव्हा. आपल्या समजुतीप्रमाणे तो कुणी म्हणजे पक्ष. फिलिपिन्समध्ये तसा पक्षच उरलेला नाही.

हे आजचं नाही. ज्यांच्या नावाचा पुरस्कार 1958 मध्ये विनोबांना मिळाला ते रॅमन मॅग्सेसे लिबरल पक्षाच्या सरकारात संरक्षणमंत्री होते. 1953 मध्ये ते नॅशनलिस्ता पक्षात गेले आणि आपल्याच आधीच्या अध्यक्षांना हरवून निवडून आले. 1965 मध्ये थोरल्या मार्कोसनी, म्हणजे पुढे हुकूमशहा झालेल्या फर्डिनांड मार्कोस यांनी, तीच वाट धरली, लिबरल सोडून नॅशनलिस्ता. 1972 मध्ये त्यांनी मार्शल लॉ लादला आणि जे काही पक्ष होते त्यांचीही वाट लागली. 2016 मध्ये रॉड्रिगो दुतेर्ते अध्यक्ष म्हणून निवडून आले तेव्हा त्यांच्या पक्षाचे कनिष्ठ सभागृहात तीन सदस्य होते, आणि मावळत्या सत्ताधारी लिबरल पक्षाचे शंभरावर. काही आठवड्यांत त्यांतले बहुतेक जण पक्ष बदलून किंवा आघाडीत शिरून दुतेर्ते यांच्या बाजूला जाऊन बसले. तिथे पक्षांतरबंदी कायदा नाही. आपल्याकडचा कायदा किती पातळ झालाय ते आपण पाहतोच, पण तिथे तेवढंही नाही. थोरल्यांचे पुत्र धाकटे मार्कोस 2022 मध्ये ज्या पक्षातून लढून अध्यक्ष झाले तो 2018 मध्ये संघराज्य पद्धतीच्या मागणीसाठी निघाला होता. ते त्यात आले ऑक्टोबर 2021 मध्ये, निवडणुकीच्या सात महिने आधी. अशा पक्षाचा जाहीरनामा वाचून मतदाराला काय कळणार?

त्यात अध्यक्षाला एकच कार्यकाळ, सहा वर्षांचा. पुन्हा उभं राहता येत नाही. म्हणजे वचन मोडलं म्हणून त्याला पाडण्याची संधीही मतदाराला नाही. दुतेर्ते यांनी कंत्राटी कामगारांची पिळवणूक संपवू असं वचन दिलं होतं. 2019 मध्ये त्यासाठीचं विधेयक संसदेने मंजूर केलं आणि त्यांनीच नकाराधिकार वापरून ते परत पाठवलं. जेटस्कीवर बसून चीनने बळकावलेल्या बेटावर झेंडा रोवीन, असं ते 2016 च्या वादसभेत म्हणाले होते. 2021 मध्ये म्हणाले, ती थट्टा होती. ज्या कामगाराने तो शब्द खरा धरला त्याने कुणाच्या दारात जायचं?

आता मतपत्रिकेकडे बघा. 2010 च्या आधी मतदाराच्या हातात रिकाम्या रेघांचा कागद यायचा. अध्यक्षापासून गावच्या नगरसेवकापर्यंत तीसेक नावं स्वतःच्या हाताने लिहायची. भिंतीवर चिकटवलेली यादी बघून, किंवा कुणीतरी हातात दिलेल्या नमुना पत्रिकेवरून. उमेदवाराला टोपणनाव किंवा पडद्यावरचं नाव नोंदवायची मुभा कायद्यानेच दिलेली होती आणि आजही आहे. आता नावं छापील असतात, त्यांपुढचा गोल काळा करायचा, यंत्र ते वाचतं. पण अख्ख्या पक्षाला एकदम मत देण्याची सोय 1951 मध्ये गेली ती गेलीच. उपाध्यक्ष वेगळा निवडायचा, बारा सिनेटर वेगळे निवडायचे, ते सगळ्या देशातून. व्यवस्थेने सत्तर वर्षं मतदाराला सांगितलं की माणसं निवड. तो माणसं निवडतो. त्यात त्याचा दोष कुठे आहे?

माणूस तपासणं ही काही कमअस्सल गोष्टही नाही. हा पूर्वी कुठे होता, संकटात आला होता का, आमच्याशी कसा बोलतो, कुणाच्या पंगतीला बसतो. पक्ष उद्या बदलेल, कागद विसरला जाईल, माणसाची पूर्वीची वागणूक मात्र मतदाराने पाहिलेली किंवा ऐकलेली असते. तपासता येण्याजोगं तेवढंच त्याच्या हाती आहे.

"हे सगळं गरीब आणि अडाणी लोकांमुळे होतं."

2016 मध्ये दुतेर्ते यांना सर्वांत भक्कम पाठिंबा वरच्या आणि मध्यम वर्गातून आणि पदवीधरांतून होता. मतदानानंतरच्या पाहण्यांनी ते स्पष्ट दाखवलं. परदेशात काम करणारे फिलिपिनो, म्हणजे नर्स, खलाशी, अभियंते, यांनी 2016 ला दुतेर्ते यांना आणि 2022 ला धाकट्या मार्कोसना भरभरून मतं दिली. 2022 च्या मतदानपूर्व पाहण्यांत मार्कोस सगळ्याच आर्थिक स्तरांत पुढे होते.

आणि 2016 बद्दल एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. त्या वर्षी जाहीरनामा नव्हता असं म्हणणं खोटं आहे. तीन ते सहा महिन्यांत गुन्हेगारी संपवीन, गुन्हेगारांना मारीन, मनिलाच्या उपसागरातले मासे त्यांच्या मांसावर गलेलठ्ठ होतील, हे दुतेर्ते भर सभेत सांगत होते. लोकांनी ते ऐकलं आणि 1 कोटी 66 लाख मतं दिली. पुढे पोलीस कारवाईत मारल्या गेलेल्यांचा सरकारी आकडाच सहा हजारांच्या वर गेला, मानवी हक्क संघटनांचा त्याच्या कित्येक पट आहे. मार्च 2025 मध्ये दुतेर्ते यांना अटक होऊन हेगला, आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे, नेण्यात आलं. मेलेले बहुतांश गरीब वस्त्यांतले होते. "लोक बिचारे चेहऱ्याला भुलले" असं म्हटलं की त्या कार्यक्रमाला समजून-उमजून मत देणारा शिकलेला वर्ग जबाबदारीतून सहज सुटतो. मला या मताचा राग येतो तो मुख्यतः यामुळे.

गरिबांना हिणवण्याचे परिणामही तिथे दिसलेत. जानेवारी 2001 मध्ये मध्यमवर्ग आणि चर्च मनिलाच्या एद्सा रस्त्यावर उतरले, अध्यक्ष एस्ट्राडा यांची सत्ता गेली, ती लोकशक्ती म्हणून गौरवली गेली. एप्रिलअखेर एस्ट्राडा यांना अटक झाल्यावर त्याच एद्सा रस्त्यावर गरिबांची प्रचंड गर्दी जमली आणि 1 मेच्या पहाटे अध्यक्षीय प्रासादावर चालून गेली. ती मात्र झुंड ठरली. त्यांच्या कपड्यांवरून, दातांवरून बोललं गेलं. अशी वागणूक मिळालेला माणूस पुढच्या निवडणुकीत 'सुज्ञ' उमेदवाराचं ऐकेल, ही अपेक्षाच कशी करायची?

"पैसे घेऊन मतं देतात."

पैसे वाटले जातात, नमुना पत्रिकेला नोट टाचून घरोघर पोचवले जातात. पण हे मुख्यतः महापौर, नगरसेवक, खासदार यांच्या लढतीत. साडेपाच कोटी लोक मतदान करतात तिथे पाकिटांवर अध्यक्ष होता येत नाही. 2010 मध्ये मॅनी व्हिलार या बांधकाम क्षेत्रातल्या अब्जाधीशाने जाहिरातींवर पाण्यासारखा पैसा ओतला. ते तिसरे आले.

"धाकटे मार्कोस निवडून आले ते खोट्या इतिहासामुळे."

या मुद्द्यात तथ्य आहे, आणि ते मोठं आहे. त्यांच्या वडिलांच्या हुकूमशाहीचा काळ सुवर्णकाळ होता असं सांगणारे व्हिडिओ वर्षानुवर्षं पसरवले गेले. प्रत्यक्षात 1984 आणि 1985 या दोन्ही वर्षी अर्थव्यवस्था सात टक्क्यांहून जास्त आक्रसली होती. धाकटे मार्कोस निवडणूक आयोगाच्या वादसभांना गेलेच नाहीत, आणि त्यांना 3 कोटी 16 लाख मतं मिळाली. लेनी रोब्रेदो यांच्यासारखी कष्टाळू, स्वच्छ उमेदवार त्याच्या निम्म्यावरही पोचली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

पण खोटं रुजलं कुठे? 1986 मध्ये थोरल्या मार्कोसची सत्ता गेल्यानंतर जे मिळेल म्हणून सांगितलं होतं ते न मिळालेल्या जमिनीत. त्यांच्या जागी आलेल्या अध्यक्ष कोरी अकिनो यांच्या काळात, जानेवारी 1987 मध्ये जमीन मागायला निघालेल्या शेतकऱ्यांवर मेंदिओला पुलापाशी गोळीबार झाला, 13 जण मेले. कोरी यांच्या घराण्याचा ऊसमळा, हासिएंदा लुइसिता, तिथल्या शेतमजुरांना वाटायचा अंतिम निकाल लागायला 2012 उजाडलं. तीस वर्षांत सत्ता त्याच काही घराण्यांत फिरत राहिली. आणि मार्कोस यांच्या प्रचारात एक आकडा होता, 20 पेसो किलो तांदूळ. बाजारात तेव्हा भाव 40 च्या आसपास होता. ज्या घरात महिन्याच्या खर्चाचा मोठा वाटा तांदळावर जातो तिथे याहून थेट जाहीरनामा कोणता असतो? ते वचन त्यांनी सत्तेच्या तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस, सबसिडीवर, काही ठिकाणी पाळायला सुरुवात केली. जाब विचारायचा तर मतदाराच्या अकलेला नव्हे, त्यांना विचारायला हवा.

"लोक सुधारले की निवडणूक सुधारेल."

1987 च्या राज्यघटनेत राजकीय घराणेशाहीला मनाई आहे, फक्त तिची व्याख्या संसदेने कायद्याने करायची आहे. जवळजवळ चाळीस वर्षं झाली, कायदा झालेला नाही, कारण तो करणारे बहुतेक त्याच घराण्यांतले आहेत. पक्षांतराला दंड लावणारं, पक्षांना सरकारी निधी देऊन त्यांचा हिशेब मागणारं विधेयक कित्येकदा मांडलं गेलं आणि पडून राहिलं. अध्यक्षपदासाठी दुसरी फेरी नाही, म्हणून 1992 मध्ये फिडेल रामोस 24 टक्क्यांहूनही कमी मतांवर अध्यक्ष झाले. या तिन्ही गोष्टींसाठी कुठल्याही मतदाराला अधिक शिकण्याची गरज नाही. पुढची अध्यक्षीय निवडणूक मे 2028 मध्ये आहे, आणि मतदाराला दोष देणारे जे लोक मनिलाच्या वर्तमानपत्रांत, विद्यापीठांत, संसदेत बसलेले आहेत, त्यांच्या हातात या तिन्ही गोष्टी त्याच्यापेक्षा कितीतरी अधिक आहेत.