कुठली तीन थडगी?

इजिप्तमध्ये आठवड्याची सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते. कैरोच्या ऑफिसातून आलेल्या मेलमध्ये ही माहिती होती आणि मी ती जेवताना सहज बोलून गेलो. कामासाठी मी एकटाच जाणार होतो. पण भातावर वरण पडेपर्यंत बायको, मुलगी, सासूबाई आणि मेहुणा असे सगळेच कैरोला येणार आणि त्या सुट्टीत लक्सर करणार, असं ठरून मोकळे झाले होते. "प्लॅनिंग तू कर," बायको म्हणाली. "तुला एक्सेल येतं."

लक्सर म्हणजे जुनं थीब्ज, प्राचीन इजिप्तच्या 'नवं राज्य' म्हणवल्या जाणाऱ्या काळातल्या फेरोंचं, म्हणजे राजांचं, देवळांचं शहर. कैरोहून दक्षिणेला साधारण साडेसहाशे किलोमीटर. रेल्वेने सगळी रात्र जाते, विमानाने तासभर. मेहुण्याचा कल रेल्वेकडे होता, कारण 'प्रवासाचा फील येतो'. हा फील घेण्यात सुट्टी संपेल, एवढं त्याला पटवलं आणि मी नकाशा उघडला.

शहराच्या मधून नाईल वाहते. पूर्वेकडे जिवंत माणसांची वस्ती आणि देवांची देवळं: कर्नाक आणि लक्सर मंदिर. पश्चिमेकडे, सूर्य मावळतो त्या बाजूला, मेलेल्यांची वस्ती: राजांची दरी, राण्यांची दरी आणि गेलेल्या राजांची पूजा चालू राहावी म्हणून बांधलेली मंदिरं. हॉटेलं दोन्ही काठांवर आहेत. पश्चिमेचं एक शांत आणि स्वस्त हॉटेल मी पक्कं करणार, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "मेलेल्यांच्या बाजूला मी झोपणार नाही."

"अहो आई, आता तिकडे उसाची शेतं आहेत, गावं आहेत. माणसं राहतात."

"राहू देत. ती तिथलीच आहेत."

पूर्वकाठ ठरला. म्हणजे नदी ओलांडणं आलं. पूल आहे, पण शहराच्या दक्षिणेला बराच लांब. गावातले लोक होडीने काही मिनिटांत पलीकडे जातात. "लाईफ जॅकेट देतात का?" बायकोने विचारलं. एक्सेलमध्ये एक रकाना वाढला.

खरी लढाई राजांच्या दरीवरून झाली. तिथे आजवर साठाहून जास्त थडगी सापडली आहेत. त्यांतली मोजकीच उघडी असतात, तीही आलटून-पालटून, आणि साध्या तिकिटावर फक्त तीन बघता येतात. हा नियम करणाऱ्या माणसाने आमचं घर पाहिलेलं नसावं.

मुलीला तुतनखामुन हवा होता, तो लहान वयात गेलेला राजा. त्याचं तिकीट वेगळं. मी तिला समजावलं, की १९२२ च्या नोव्हेंबरात हॉवर्ड कार्टर या इंग्रज पुरातत्त्वज्ञाला सापडलेला तो जवळजवळ सगळा खजिना केव्हाच कैरोकडे हलवलाय, थडगं तर अगदीच लहान आहे आणि आत उरलीय ती त्याची ममी आणि दगडी शवपेटी. "म्हणजे तो स्वतः घरी आहे ना?" ती म्हणाली. "सामान हलवलं म्हणून आपण भेटायला जायचं नाही का?" वेगळं तिकीट मंजूर झालं.

मेहुण्याला पहिला सेती हवा होता. दरीतल्या सगळ्यांत लांब थडग्यांपैकी ते एक. रंग अजून टवटवीत, आणि तिकीट इतरांपेक्षा कितीतरी महाग. तिकिटाचा दर कळल्यावर मेहुण्याने ते थडगं यूट्यूबवर शोधलं आणि फोर-केमध्ये प्रत्यक्षापेक्षा चांगलं दिसतं असा निर्वाळा दिला.

सासूबाईंना राजा कुठलाही चालत होता, पायऱ्या चालत नव्हत्या. तिसऱ्या थुतमोसचं थडगं कड्यात उंचावर आहे. आधी लोखंडी जिना चढायचा आणि मग तेवढंच आत खाली उतरायचं.

"राजा होता ना? मग तळमजल्यावर का नाही?"

चोरांच्या भीतीने, मी सांगितलं. पिरॅमिड लांबूनच दिसायचे आणि लुटले जायचे, म्हणून नंतरच्या राजांनी या आडदरीत डोंगराच्या पोटात थडगी खोदून घेतली.

"आणि मग?"

"तीही लुटली."

"मग पायऱ्यांचा उपयोग काय झाला?"

यावर मी निमूटपणे यादी पायऱ्यांच्या चढत्या क्रमाने लावून टाकली. चौथा रामसेस एकदम पहिला आला: प्रवेशापासून जवळ, सरळ आणि उताराचा. राजा म्हणून त्याला एवढा मान क्वचितच मिळाला असेल.

थुतमोसवर बायकोचाही राग होता, पण त्याचं कारण वेगळं. तिला हॅतशेप्सुतचं मंदिर बघायचंय. ही बाई खोटी दाढी लावून फेरो म्हणून राज्य करत होती. दैर अल-बहरीच्या उभ्या कड्याखाली तिने तीन मजल्यांचं मंदिर बांधलं आणि पुंत नावाच्या दूरदेशाहून मुळांसकट आणवलेली धूपाची झाडं भिंतीवर कोरून ठेवली. ती गेल्यावर तिची नावं आणि चित्रं छिन्नीने खरवडली गेली, ती तिच्या या सावत्र मुलाच्या, थुतमोसच्या कारकिर्दीत. "त्याच्या दारात मी पाऊल ठेवणार नाही," बायको म्हणाली. गुडघे आणि तत्त्व यांचं आमच्या घरात इतकं एकमत पूर्वी झाल्याचं आठवत नाही.

माझी मागणी एकच होती: कर्नाक, निवांत. १३४ खांबांचं ते दालन, मधले बारा खांब तर एकवीस मीटर उंच. सर्वानुमते मला एक तास मिळाला. "खांबच तर आहेत," असं कोणीतरी म्हणालंसुद्धा. मग मी शेवटचा उपाय म्हणून ओपेतच्या उत्सवाचं सांगितलं. नाईलला पूर आला की कर्नाकचा देव आमुन, त्याची बायको मूत आणि मुलगा खोन्सू यांच्या मूर्ती होड्यांमध्ये बसवायच्या, त्या होड्या पुजाऱ्यांनी खांद्यावर घ्यायच्या आणि लक्सर मंदिरापर्यंत न्यायच्या. दोन्ही बाजूंना स्फिंक्स असलेला तो रस्ता २०२१ मध्ये पुन्हा खुला झालाय. पावणेतीन किलोमीटरचा आहे.

"पालखीच की ही!" सासूबाई ताठ बसल्या. "तो रस्ता चालायचा."

"आणि गुडघे?"

"पालखीच्या वाटेवर दुखत नाहीत."

एवढं होईपर्यंत फॅमिली ग्रुपवर बातमी गेली होती. जे येणार नसतात त्यांची मतं फार ठाम असतात. एका काकांनी लिहिलं, "एवढ्या लांब जाताय तर अबू सिंबेल करूनच या." अस्वान लक्सरच्या दक्षिणेला दोनशेहून अधिक किलोमीटर आणि अबू सिंबेलची डोंगरात कोरलेली देवळं तिथून पुढे आणखी पावणेतीनशेच्या घरात. मी तसं कळवलं. त्यावर त्यांनी अंगठा पाठवला आणि पाठोपाठ विचारलं, "मग अलेक्झांड्रिया तरी?" 'एवढ्या लांब' हे शब्द निघाले की आमच्याकडे नकाशा आपोआप आक्रसतो.

राजांची थडगी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर दैर अल-मदिना नावाच्या वस्तीत राहत. तिसऱ्या रामसेसच्या एकोणतिसाव्या वर्षी त्यांचं मजुरीचं धान्य थकलं, तेव्हा ते हत्यारं ठेवून देवळांपाशी जाऊन बसले. जगातला नोंद असलेला पहिला संप तो हाच, असं मानतात. हे वाचून मी लॅपटॉप मिटला आणि गॅलरीत जाऊन बसलो. त्यांना निदान धान्य मिळालं. मला मुलीने येऊन विचारलं, "बाबा, चार्जर कुठे ठेवलायस?"

राहिला होता मेहुण्याचा बलून. पश्चिमकाठावर भल्या पहाटे बलून सुटतात आणि सूर्य उगवताना खाली देवळं, शेतं आणि वाळवंट एकदम दिसतं. तो पहिल्या दिवसापासून यावर अडून होता. सासूबाई नको म्हणतील आणि विषय संपेल, या भरवशावर मी त्यांच्यासमोरच तो काढला.

"वर पायऱ्या आहेत का?" त्यांनी विचारलं.

"पायऱ्या नाहीत. टोपलीत चढावं लागतं, तेवढंच."

"चढवा मला. मी येते."

मेहुण्याने पुन्हा एकदा उंचीचा आकडा विचारला. मग टोपलीला दार असतं का ते विचारलं. आता तो म्हणतोय, इतक्या पहाटे उठणं आईच्या तब्येतीला बरं नाही.