मुलुंडच्या पुढचं क्रिकेट २००८ साली जन्मलं नाही

२ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून महिला विश्वचषक जिंकला. तेव्हापासून ठाणे-नवी मुंबईतल्या गटागटांत एक मजकूर फिरतो आहे. त्याचा सारांश असा: मुलुंड-मानखुर्दच्या पुढे क्रिकेट आलं ते २००८ मध्ये, हे स्टेडियम झालं तेव्हा. त्याआधी मुंबई क्रिकेट म्हणजे शिवाजी पार्क, माटुंगा आणि आझाद मैदान. ठाण्याकडचे क्लब मुंबईत मोडतच नाहीत, त्यांनी मोठा खेळाडू दिला नाही, जे काही होतं ते टेनिस बॉलच्या क्रिकेटने खाल्लं. महिला क्रिकेटला इथे प्रेक्षक मिळाला तोही या एका फायनलमुळे. आणि शेवटची ओळ, 'इतिहास असेल तर पुरावा दाखवा.'

ठाण्यातल्या एका क्लबचं स्कोअरबुक मी बरीच वर्षं लिहितो आहे. हा मजकूर आमच्याच क्लबच्या मुलांनी एकमेकांना पाठवलेला पाहिला, म्हणून हे लिहिणं भाग आहे. आपण ज्या क्लबात खेळतो त्याच्या मागे काही नाही असं चौदा वर्षांच्या मुलाने मानावं, हे मला सहन होत नाही.

आधी हद्दीचा प्रश्न, कारण तो चटकन सुटतो. महाराष्ट्रात बीसीसीआयच्या तीन संघटना आहेत: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. पुण्याच्या महाराष्ट्र संघटनेकडे राज्याचा मोठा भाग आहे, पण ठाणे नाही. मुंबई क्रिकेट असोसिएशनची हद्द पश्चिम मार्गावर डहाणूपर्यंत, मध्य मार्गावर बदलापूरपर्यंत आणि नवी मुंबईत खारघरपर्यंत जाते. महापालिकांच्या सीमा तिथे लागू नाहीत. म्हणून ठाण्याचा मुलगा निवडला गेला तर मुंबईची टोपी घालतो, आणि इथले क्लब मुंबईच्याच स्पर्धांत उतरतात. 'मुंबईत मोडत नाहीत' या वाक्याला काहीही आधार नाही.

२००८ चं म्हणाल तर स्टेडियम त्या वर्षी सुरू झालं हे खरं, आणि १ जूनला पहिल्या आयपीएलची फायनल तिथेच झाली, राजस्थानने चेन्नईला हरवलं, हेही खरं. पण ठाण्याचं दादोजी कोंडदेव क्रीडागृह त्याआधी पंचवीस-एक वर्षं उभं होतं. सेंट्रल मैदानावर लेदर बॉलचे सामने त्याच्याही आधीपासून होत आले. वागळे इस्टेट ही एमआयडीसीची पहिली वसाहत, १९६२ सालची. तिथली पहिली शिफ्ट संपवून दुपारी पॅड बांधणारी माणसं आमच्या क्लबच्या जुन्या मंडळींनी पाहिलेली आहेत. नवी मुंबईत तर शहराच्याही आधी क्रिकेट होतं, हे तिथल्या गावठाणांतले आजोबा सांगतात: भाताची कापणी झाली की रिकाम्या खाचराची ढेकळं फोडायची, मध्ये पट्टी चोपून घ्यायची आणि पावसाळ्यापर्यंत खेळायचं. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० मध्ये स्थापन झाली, सेक्टर नंतर पडले. घणसोली-कोपरखैरण्याच्या पोरांनी स्टेडियमची वाट पाहिली नाही.

आता खेळाडूंचा मुद्दा. इथे मला थोडं थांबायचं आहे.

३ ऑगस्ट १९९७. कोलंबोतल्या प्रेमदासा मैदानावर निलेश कुलकर्णी कसोटीतला आपला पहिला चेंडू टाकतो आणि मार्वन अटापट्टू झेलबाद होतो. कसोटीतल्या पहिल्याच चेंडूवर बळी घेणारा तो पहिला भारतीय. त्या डावात पुढे त्याला एकही बळी मिळाला नाही, जयसूर्या आणि महानामाने ५७६ धावांची भागी केली, श्रीलंकेने ६ बाद ९५२ वर डाव सोडला. निलेशची ७० षटकं, १९५ धावा, एक बळी. ७० षटकं! तो डोंबिवलीचा. २००८ ला तेव्हा अकरा वर्षं अवकाश होता.

अजिंक्य रहाणेही डोंबिवलीतच वाढला. सातव्या वर्षी वडिलांनी त्याला तिथल्याच एका छोट्या शिबिरात घातलं, मॅटिंगवर. महागडं प्रशिक्षण परवडणारं नव्हतं. रिक्षाचे पैसे वाचवायला आई धाकट्याला काखेत घेऊन आणि याची किट बॅग उचलून चालत मैदानावर न्यायची. पुढे डोंबिवली ते सीएसटी हा प्रवास एकट्याने करायला वडिलांनी सांगितलं आणि स्वतः गुपचूप मागच्या डब्यात बसून मुलगा नीट जातो का ते पाहिलं. हे त्यानेच मुलाखतींत सांगितलेलं आहे. अॅडलेडला भारताचा ३६ धावांत खुर्दा उडाल्यावर मेलबर्नला ११२ धावा करून मालिका फिरवणारा कर्णधार तो हाच.

तुषार देशपांडे कल्याणचा. शिवाजी पार्क जिमखान्याच्या निवड चाचणीला फलंदाजांची रांग लांब होती म्हणून तो गोलंदाजांच्या रांगेत उभा राहिला, आणि २०२४ मध्ये बडोद्याविरुद्ध रणजी उपांत्यपूर्व सामन्यात अकराव्या क्रमांकावर येऊन १२३ धावा काढल्या. समोर दहाव्या क्रमांकावर तनुष कोटियन १२० नाबाद. शेवटच्या गड्यासाठी २३२ धावा, रणजी विक्रमाला फक्त एक कमी. शार्दूल ठाकूर पालघरचा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला, त्याआधी ते ठाणे जिल्ह्यातच होतं. डहाणूपर्यंत लोकल गेली २०१३ मध्ये, म्हणजे शार्दूलने शाळकरी वयात किट घेऊन केलेला बोरिवलीचा प्रवास त्याच्याही आधीचा.

यावर मजकूर लिहिणारा म्हणेल, हे सगळे पुढे मुंबईच्या क्लबांत आणि मुंबईच्या प्रशिक्षकांकडेच गेले ना? गेले. रहाणे सतराव्या वर्षी प्रवीण आमरेंकडे गेला, ते श्रेय आमरेंचं आहे आणि कोणी ते हिरावून घेऊ नये. पण सात ते सतरा ही दहा वर्षं कुठे गेली? सरळ बॅटने खेळायला, उन्हात उभं राहायला, बाद झाल्यावर तोंड वर न करता परत यायला मुलगा ज्या वयात शिकतो, ती वर्षं तो घराजवळच्या मैदानावर असतो. त्या मैदानाचं नाव चरित्राच्या पहिल्या परिच्छेदात एकदा येतं आणि पुढे गायब होतं. उपनगरी क्लबाला इतिहास नाही असं वाटण्याचं मोठं कारण हेच आहे.

दुसरं असं की कसोटीपटू किती निघाले ही क्लब मोजायची रीतच मला मान्य नाही. कांगा लीग घ्या. १९४८ पासून भर पावसात खेळली जाणारी ही मुंबईच्या क्लबांची लीग. खेळपट्टी उघडी आणि ओली, आउटफिल्डवर गवत इतकं की जमिनीवरून मारलेला फटका दहा पावलांत मरतो, त्यामुळे हवेतून खेळायची हिंमत लागते. ठाण्याच्या क्लबाने खालच्या डिव्हिजनमध्ये खेळून तिथे टिकून राहायचं म्हणजे काय, हे कागदावर कळत नाही. सामना रविवारी, आणि रविवारी मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक. जाताना पहाटेची गाडी मिळते, येताना सगळा संघ दादरला इंडिकेटरकडे बघत उभा. किट लगेजच्या डब्यात, दोघं त्याच्यासोबत. मैदानावर पोहोचल्यावर पाऊस, दोन तास पंचांची पाहणी, मग 'आज नाही'. परत ३४ किलोमीटर. असे रविवार काढून पुढच्या रविवारी पुन्हा अकरा जण जमवणारा माणूस प्रत्येक क्लबात एक तरी असतो. तो नोकरी करतो, फोन करतो, कोणाची परीक्षा आहे ते लक्षात ठेवतो, बाराव्या खेळाडूला समजावतो. त्याच्या नावावर एकही धाव नाही. क्लबचा इतिहास लिहायचा तर मी त्याच्यापासून सुरुवात करीन.

कल्याणचा शाळकरी मुलगा प्रणव धनावडे याच्या एका डावातल्या १००९ धावांचा दाखला या मजकुरात तुच्छतेने दिला आहे: 'तिकडे असलंच क्रिकेट चालतं.' ४ आणि ५ जानेवारी २०१६, कल्याण, असोसिएशनची भंडारी कप आंतरशालेय स्पर्धा. त्याच्या शाळेने ३ बाद १४६५ वर डाव घोषित केला, समोरचा संघ पहिल्या डावात ३१ मध्ये बाद झालेला. मैदान लहान होतं, गोलंदाजी कच्ची होती, हे मान्य करायला काहीच हरकत नाही. पण १८९९ पासून एका इंग्लिश शाळकरी मुलाच्या नावावर असलेला ६२८ चा विक्रम मोडायला बाकीच्या जगातही लहान मैदानं आणि कच्चे संघ होतेच, आणि तिथे कोणी हजारापर्यंत पोहोचलं नाही. पंधरा वर्षांचा मुलगा दोन दिवस एकाग्र राहिला. विषम संघांना एकमेकांसमोर उभं करण्याचा दोष असेल तर तो स्पर्धेच्या आखणीचा. त्याचं खापर मुलावर आणि गावावर फोडू नये.

टेनिस क्रिकेटने क्लब मारले, हेही मला पटत नाही. टेनिस बॉल आणि लेदर बॉल खेळणारी मुलं आमच्याकडे बऱ्याचदा एकच असतात, शनिवारी गावच्या स्पर्धेत आणि रविवारी क्लबकडून. टेनिस बॉलवरची दहा षटकांची लीग, आयएसपीएल, २०२४ मध्ये सुरू झाली ती दादोजी कोंडदेववरच. क्लब सुकतात ते मैदानाअभावी. मैदान क्लबचं नसतं, सकाळचे ठरावीक तास मिळतात, त्यात सभा, प्रदर्शनं, मंडप. मांडवाच्या खड्ड्यांनी खराब झालेली पट्टी पूर्ववत करायला माळ्याला आठवडे लागतात, तोवर सरावच बंद. इथे भांडायचं असेल तर जागेसाठी भांडा.

प्रेक्षकांबद्दल थोडक्यात. ११ डिसेंबर २०२२ ला याच डी. वाय. पाटीलवर भारत-ऑस्ट्रेलिया महिला टी-ट्वेन्टी १८७ वर बरोबरीत सुटली आणि भारताने सुपर ओव्हरमध्ये जिंकली, तेव्हा चाळीस हजारांहून जास्त माणसं आत होती. पुढच्या मार्चमध्ये डब्ल्यूपीएलचा, म्हणजे महिला प्रीमियर लीगचा, पहिला सामना इथे. डिसेंबर २०२३ मध्ये इंग्लंडविरुद्धची कसोटी ३४७ धावांनी जिंकली, महिला कसोटीतला धावांनी मिळवलेला सर्वांत मोठा विजय, तोही इथेच. नेरूळचा प्रेक्षक तीन वर्षं आधीपासून येत होता, म्हणून २०२५ ची रात्र तशी झाली.

राहिला पुरावा. तो आहे, स्कोअरबुकांत. लांब कापडी बांधणीच्या वह्या, पेन्सिलने भरलेल्या, प्रत्येक निर्धाव चेंडूला एक टिंब. आमच्या क्लबात त्या लोखंडी कपाटात आहेत आणि खालच्या रांगेतल्या काहींना ओल धरली आहे. कळवा, मुंब्रा, वाशी, बेलापूर इथल्या जुन्या क्लबांत, किंवा गेलेल्या सचिवांच्या घरी माळ्यावर, अशा वह्या असणार. दिवाळीच्या साफसफाईत त्या रद्दीत देऊ नका. ऊन असलेल्या दिवशी उघडून वाळवा, प्रत्येक पानाचा सरळ वरून फोटो काढा, आणि फोटोच्या नावात तारीख, मैदान आणि प्रतिस्पर्धी संघ लिहा. पानावर नुसतं आडनाव असेल तर क्लबातल्या ज्येष्ठांना विचारून पूर्ण नाव आताच नोंदवून ठेवा.