वेग म्हणजे खरेपणा नव्हे

१९९९ च्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटातलं खलनायक डार्थ मॉलचं तलवारीचं द्वंद्व सर्वांत खरं वाटतं, कारण ते सर्वांत वेगवान आहे, हे पडद्यावरच्या तलवारबाजीवरच्या तुमच्या लेखातलं विधान अजिबात पटलं नाही. मी कॉलेजात सेबर फेन्सिंग (तलवारबाजीचा एक प्रकार) खेळायचे. तिथे सगळा खेळ अंतराचा: माझं पातं समोरच्याच्या अंगापर्यंत पोचतंय का? त्या द्वंद्वातले कितीतरी वार अंगावर नाही, पात्यावरच मारलेले दिसतात. आणि त्या गिरक्या! पाठ फिरवली की सरावलेला प्रतिस्पर्धी तिथेच लढत संपवेल. उलट १९८० च्या ‘स्टार वॉर्स’मधलं नायक ल्यूक आणि खलनायक व्हेडर यांचं द्वंद्व बघा. व्हेडरच्या पोशाखात तलवार चालवणारे बॉब अँडरसन १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्रिटनकडून खेळलेले. सुरुवातीला व्हेडर एका हातानेच लढतो, ल्यूकला मागे रेटत नेतो. दडपण असंच येतं.

लेखात ‘ड्यून’ या विज्ञानकथेचा उल्लेखच नाही, याचं फार वाईट वाटलं. तिथे अंगाभोवतीचं कवच वेगाने आलेला वार अडवतं, संथ पातं मात्र आत शिरतं. म्हणून लढणारे एकमेकांना भिडतात, मनगट धरतात, पातं हळूच आत सरकवतात. काल्पनिक नियम, पण लढाई त्याच नियमाला धरून चालते.