गुलमर्गचे बूट, दोन जोड मोजे आणि कापलेले ५०० रुपये: दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय दोनदा वाचला. तुमचं म्हणणं असं की आमच्या दुकानात ट्रेकिंगचं सगळं मिळतं पण स्की आणि बूट भाड्याने मिळाले नाहीत, त्यामुळे गुलमर्गला लोकांनी वापरलेले जुने बूट घालावे लागले, पहिल्याच दिवशी पाय बधिर झाले, आणि परत आल्यावर पँट फाटली म्हणून आम्ही डिपॉझिटमधून ५०० रुपये कापले.

पैशांचं आधी. पँट परत आली तेव्हा मी दुकानात नव्हतो. काल ती काढून पाहिली. उजव्या पायाला, आतल्या बाजूने, घोट्यापाशी ब्लेडने कापावी तशी सरळ चीर आहे. ती स्कीच्या कडेची. दोन्ही कडांना स्टीलची पट्टी असते, आणि नवशिका माणूस वेग आवरायला पुढची टोकं जवळ आणून मागची फाकवतो तेव्हा एक स्की दुसऱ्या पायावर हमखास घासते. म्हणून स्कीच्या पँटला त्या जागी जाड कापडाचा तुकडा शिवलेला असतो. आम्ही दिलेली पँट साधी ट्रेकिंगची, तिला तो नव्हता. पैसे कापायला नको होते.

दुसरी चूकही आमचीच. काउंटरवरच्या मुलानं तुम्हाला दोन जोड लोकरी मोजे घालायला सांगितले. मनापासून सांगितलं, पण चुकीचं. स्कीचा बूट म्हणजे प्लॅस्टिकचं कवच, ते ताणत नाही. दोन मोज्यांना आत चुण्या पडतात, पाय आवळला जातो, रक्त नीट फिरत नाही आणि उलट जास्त गार पडतो. एकच जोड, पातळसर, गुडघ्याखालपर्यंत येणारी. थर्मलची कडसुद्धा बुटात कोंबायची नाही, नडगीला रुतते. मुलाला आता हे पाठ झालंय.

बूट जुने होते म्हणून पाय बधिर झाले, हे मात्र मला पटत नाही. तुम्हीच लिहिलंय की सहा नंबर सांगितला, बूट ऐसपैस वाटला, मग टाच उचलली जायला लागली म्हणून बकलं आवळत गेलात. दुखणं तिथंच आहे. हे बूट पायाच्या सेंटिमीटरमधल्या लांबीवर मोजतात. घरी भिंतीला टाच लावून पाऊल मोजा आणि तो आकडा घेऊन जा. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकीशी टेकली पाहिजेत आणि गुडघे वाकवले की थोडी मागे सरकली पाहिजेत. दुकानात चपलेसारखा आरामशीर वाटणारा बूट उतारावर छळतो.

आता स्की आम्ही का ठेवत नाही. नाशिकमध्ये बर्फ दिसतो तो रसवंतीच्या ग्लासात, हे एक कारण झालंच. पण खरं कारण बाइंडिंगचं आहे, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारा खटका. पडल्यावर तो सुटला पाहिजे, नाहीतर गुडघा पिळवटतो. तो किती घट्ट ठेवायचा हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि तुम्ही किती शिकलात यावर ठरतं. हे जुळवायची आणि तपासायची सोय माझ्याकडे नाही, आणि अंदाजाने पेच फिरवून मी कुणाला स्की देणार नाही. त्याबद्दल एक स्टार मिळाला तर मिळाला.

तुमचे मिस्टर स्की विकत घ्यायच्या विचारात आहेत असंही लिहिलंय. मागवून दिली तर माझा धंदाच होईल, पण थांबा. वर्षातून चार दिवस वापरणार, उरलेले दिवस माळ्यावर. विमानात साधारण १५ किलो सामान चालतं, त्यात बुटांचीच जोडी तीन-चार किलोची. अजून एक-दोन हिवाळे भाड्यानेच घ्या. त्यानंतरही हौस टिकली तर आधी फक्त बूट घ्या, तेही पायात घालून, दुकानात वीस मिनिटं उभं राहून. स्की शेवटी. पुढच्या वेळी नुसतं फिरायला न जाता गुलमर्गच्या सरकारी स्कीइंग संस्थेचा किंवा उत्तराखंडात औलीला गढवाल मंडल विकास निगमचा (तिथल्या सरकारी पर्यटन संस्थेचा) कोर्स बघा. सामान त्यातच येतं का, ते बुकिंग करताना विचारा.

गॉगल आणि हातमोजे चांगले निघाले म्हणालात, ते वाचून बरं वाटलं.

५०० रुपये पाकिटात घालून गल्ल्यात ठेवलेत. सोमवार सोडून कधीही या. पावती हरवली असली तरी चालेल, पँट मी ओळखतो.